दाबून धरलेलं

पलंग रिकामा होता. हातात तेलकट कागदाची पुडी घेऊन ओडालिस आयसीयूच्या काचेच्या दारात थबकली. आधी तिला वाटलं, आपण मजला चुकलो. पण खिडकीबाहेर तीच नदी होती, मातकट, रुंद, कोळशाच्या तराफ्यांना ढकलत नेणारी तीच टगबोट होती. निळे रबरी हातमोजे घातलेली एक बाई गादी पुसत होती. गादीला माणसाच्या पाठीएवढा खळगा पडला होता आणि तो हळूहळू भरून येत होता. पापा गेले, असं तिला वाटलं. रडू यायला हवं होतं. तसं काही झालं नाही. संताप आला, नुसता कोरडा संताप, घशापासून कानापर्यंत चढत गेलेला. सुटला, असं तिच्या मनात आलं. परत एकदा सुटला, काही न ऐकता. नेहमी हे असंच. आपण खाली खायला मक्याचा तळलेला अरेपा घ्यायला जायचं आणि ह्याने मागच्या दाराने निघून जायचं.

"अहो बाई, असं तोंड काय करता?" गादी पुसणारी म्हणाली. "खाली नेलंय त्यांना. चौथ्या मजल्यावर, वॉर्डात. बरं वाटलं की नेतातच."

"आणि मानेतली नळी? काढली ती?"

"ते मला काय माहीत? मी गादी पुसते. नव्या पेशंटला आणायला माणसं गेलीसुद्धा."

लिफ्टपाशी गर्दी होती म्हणून ती जिन्याने उतरली. उतरताना तिच्या डोळ्यांपुढे ती नळीच होती. साधी सलाइनची सुई नव्हे. सरबत प्यायच्या स्ट्रॉएवढी जाड, गळ्याच्या उजव्या बाजूने आत गेलेली, बाहेर फाट्यासारखी एक शेपटी लोंबणारी. रविवारी तिच्या घरी जेवताना एलिएसेर कामार्गो ह्यांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, माशाच्या रश्श्यातच रक्त ओकलं होतं. आधी तिला वाटलं होतं की बीट खाल्लं की काय ह्यांनी. मग दुसरी उलटी आली, भांडंभर, काळपट, आणि बापाने तशाही स्थितीत तिच्याकडे बघून "मासा ताजा नव्हता" म्हटलं होतं. पोटातला व्रण फुटला होता. कॅज्युअल्टीत रक्तदाब सापडेना तेव्हा ती नळी मानेत घातली आणि पिशव्यांमागून पिशव्या रक्त आत ओतलं. त्या नळीनेच ते वाचले, ह्यात वाद नव्हता. आयसीयूतल्या आखूड पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी नंतर तिला नीट समजावलं होतं. "जितक्या वेगाने हिच्यातून आत जातं, तितक्याच वेगाने बाहेरही येतं. आणि माणूस बसलेला असताना हिचं टोपण सुटलं, तर हवा आत ओढली जाते, सरळ काळजात. म्हणून ही घेऊन आम्ही कुणाला वॉर्डात पाठवत नाही. रक्त नीट गोठायला लागलं की काढू, मग पाठवू." हे बोलताना बाई चष्मा कपाळावर सरकवून तिच्या डोळ्यांत बघत होत्या, आणि ओडालिसला वाटलं होतं, चला, कुणीतरी एक माणूस आहे जो म्हणतो ते करणार आहे. असं वाटून घ्यायची तिला वाईट खोड होती. चाळिशी उलटली तरी गेली नव्हती.

चौथ्या मजल्यावरच्या त्या लांबलचक खोलीत डिसेंबरचा वारा खिडक्या आपटत होता. आणि एलिएसेर कामार्गो पाठीशी दोन उशा घेऊन ऐटीत बसले होते. शेजारच्या पलंगावरच्या पाय मोडलेल्या माणसाला नदीतल्या सुसरीची कुठलीतरी गोष्ट सांगत होते आणि हातवारे करताना मानेतली ती शेपटी डुलत होती. घामाने चिकटपट्टीचा एक कोपरा सुटून वर वळला होता.

"बघा, आली माझी पोरगी," ते म्हणाले. "दात बनवते. तुमच्या तोंडात घालायला हवेत तर हिला सांगा, माझ्या नावाने सूट देईल."

"पापा, आडवे व्हा."

"आत्ताच तर बसलोय."

"कुणी बसवलं तुम्हाला? आडवे व्हा आधी."

ते हसले. ते हसू तिला चांगलं ठाऊक होतं. आयुष्यभर ह्या माणसाने टगबोटी चालवल्या, इथून, बारांकियापासून नदीने वर, पार तेलाच्या गावापर्यंत, आणि वाटेत मागांगेला दुसरं घर केलं, त्या घरात दुसरी बायको, लेदिस, आणि तिची मुलं. खाली आला की इथला, वर गेला की तिथला. आणि दोन्हीकडे दारातून आत शिरताना हे असंच हसू. आता डोळ्यांच्या उपचारासाठी म्हणून महिनाभर तिच्याकडे राहायला आला होता, कारण चांगले डोळ्यांचे डॉक्टर शहरात होते, आणि शहरात ओडालिस होती. जणू तीही एक धक्काच, बोट लावायचा.

तिने वॉर्डातल्या सिस्टरला गाठलं. नुबिया नाव होतं त्यांचं, ठेंगण्या, रुंद, कानामागे पेन खोचलेल्या. तीस पलंगांमागे एकट्या धावत होत्या.

"सिस्टर, ती नळी काढून मग पाठवायचं ठरलं होतं."

"मला सांगताय?" नुबिया थांबल्याच नाहीत; ओडालिस त्यांच्यामागून चालत राहिली. "मी फोनवर ओरडून सांगितलं, ही घेऊन पाठवू नका, माझ्याकडे माणसं नाहीत. फोन ठेवला न ठेवला तोच लिफ्टचं दार उघडलं. बघते तर हे महाराज स्ट्रेचरवरून मला डोळा मारतायत."

"मग परत वर पाठवा."

"कुठे? त्या पलंगावर दुसरा आला असेल."

"मग तुम्ही काढा."

"आम्हाला हात लावायची परवानगी नाही त्या जाड नळीला. डॉक्टरने काढायची. इथले डॉक्टर ऑपरेशनला उभे आहेत. वरचे म्हणतात, पेशंट आता तुमचा. इथले म्हणतात, नळी तुम्ही घातलीत, तुम्ही काढा."

"आणि माणूस? माणूस कुणाचा?"

नुबिया तेव्हा कुठे थांबल्या. दमलेल्या डोळ्यांनी त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "माणूस तुमचा, बाई," त्या म्हणाल्या. "त्यांना झोपवून ठेवा. बसू देऊ नका. तेवढं करा, मी परत फोन लावते."

माणूस तुमचा. ते शब्द चावत ती परत आली. कुणालाच काही माहीत नव्हतं असं नाही. हाच तर संताप होता. वरच्यांना माहीत होतं, खालच्यांना माहीत होतं, स्ट्रेचर ढकलणाऱ्यालाही बहुधा माहीत असेल. प्रत्येकाला सगळं माहीत आणि प्रत्येकाचे हात भरलेले. घरी तरी वेगळं काय होतं? मागांगेच्या घराबद्दल आईला माहीत होतं, आजीला, कोपऱ्यावरच्या दुकानदाराला, पाद्र्याला, सगळ्या गल्लीला. कुणी कुणाला विचारलं नाही. बाप आला की आई, बेआत्रिस, कोंबडी कापायची. तो गेला की तिची पाठ दुखायची आणि ती खोलीचे पडदे ओढून पडून राहायची. दोन्ही गोष्टी घड्याळ लावल्यासारख्या. ओडालिसला लहानपणी वाटायचं, नदीला पूर येतो तशी आईला पाठदुखी येते.

"पापा, आडवे व्हा म्हटलं ना."

"मेल्यावर आडवाच असणार आहे. तेव्हा बस माझ्या उशाशी."

"तुमच्या मानेत काय आहे ठाऊक आहे का?"

"नळी आहे. बोटीवर ह्याहून मोठमोठ्या नळ्या हाताळल्यात मी. डिझेलच्या." त्यांनी नाक वर करून हुंगलं. "पुडीत काय आहे? अरेपा? अंड्याचा?"

शेजारचा पाय मोडलेला माणूस फिदीफिदी हसला. आणि ओडालिसच्या डोक्यात काहीतरी तटकन तुटलं. तिने पुडी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्यात फेकली, सकाळपासून पोटात काही नसताना. मग एका हाताने बापाचा खांदा धरला, दुसऱ्या हाताने पाठीमागची वरची उशी ओढून काढली आणि त्यांना मागे लोटलं. सावकाश नव्हे. पलंग कुरकुरला. ते इतके हलके झाले असतील असं तिला वाटलं नव्हतं. ज्या माणसाच्या पावलांनी घराच्या फरश्या वाजायच्या, तो रिकाम्या पोत्यासारखा गादीवर टेकला आणि अवाक होऊन तिच्याकडे बघत राहिला.

"हात उगारतेस बापावर?"

"उठलात तर बांधून ठेवीन."

ते हिरमुसले आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ती स्टुलावर बसली. तिने हात मांडीवर उपडे ठेवले. ह्या हातांना कधी घाई नसायची. लॅबमध्ये ती मेणावर दात बसवायची, एकेक दात, केसाएवढा फरक न पडू देता. तिथेच, प्लास्टरच्या धुळीत, तिला तिच्या पंधराव्या वाढदिवसाची खरी हकिकत कळली होती. तो सोहळा म्हणजे मुलीच्या आयुष्यातला मोठा दिवस. बापाने गुडघ्यावर बसून मुलीच्या पायातले सपाट बूट काढायचे, उंच टाचांचे घालायचे, आणि पहिला नाच त्याने नाचायचा. आईने फिकट जांभळा झगा शिवला होता. पाहुणे जमले, केक आला, वाजवणारे आले. बापाचा निरोप आला, बोट वाळूत रुतलीय. मग आईच खाली बसली, तिच्या दुखऱ्या पाठीने, आणि तिने बूट घातले, आणि पुरुषासारखा हात कमरेवर ठेवून ओडालिसबरोबर नाचली. दोघीही हसत होत्या, कारण सगळे बघत होते. त्यानंतर कितीतरी वर्षांनी एक म्हातारा आचारी कवळी करून घ्यायला लॅबमध्ये आला. आडनाव ऐकून म्हणाला, अरे, कामार्गोंची मुलगी? मी होतो ना त्यांच्या बोटीवर. कॅप्टनच्या धाकटीचा बाप्तिस्मा, मागांगेला, काय जेवण झालं होतं, मीच बकरं कापलं. आणि त्याने भाबडेपणाने तो सणाचा दिवस सांगितला. तोच दिवस, तिच्या पंधराव्या वाढदिवसाचा. ओडालिसने त्याच्या हिरड्यांचा साचा हातात धरला होता. साचा तिने खाली ठेवला. कवळीही नीट करून दिली. घरी गेल्यावर आईला ती काही बोलली नाही, कारण आईलाही माहीत असणार, आणि आईला माहीत आहे हे ऐकणं तिला झेपलं नसतं. पुढे आई गेली ती अशाच एका वॉर्डात, दाराकडे डोळे लावून. बाप पोहोचला तो दफनाच्या दिवशी, खांद्यावर नदीच्या माशांची पिशवी टाकून.

भिंतीकडे वळलेल्या बापाचा कान तिला दिसत होता. कानातले पांढरे केस, आणि खाली उशीवर काहीतरी गडद. सावली असेल म्हणून ती वाकली. सावली नव्हती. उशी भिजत होती. मान वळवताना ती शेपटी खांद्याखाली दाबली गेली होती, तिचं टोपण निघून चादरीवर पडलं होतं, आणि तिच्यातून रक्त थेंबाथेंबाने नव्हे, धारेने येत होतं, गपचूप, नळ नीट बंद न केल्यासारखं.

"सिस्टर!"

ती एवढ्या मोठ्याने ओरडली की शेजारचा माणूस दचकून देवाचं नाव घेऊ लागला. नुबिया धावत आल्या, वाकल्या. शेपटीवर एक छोटासा चिमटा होता, तो त्यांनी कट्टकन बंद केला. वरून खाली आणताना तो कुणीतरी उघडाच ठेवला होता. धार थांबली. त्यांनी नवं टोपण लावलं, पलंगाची डोक्याकडची बाजू खाली केली आणि मग भिंतीला हात टेकून एक श्वास घेतला.

"झोपलेले होते म्हणून रक्त बाहेर आलं," त्या हळूच म्हणाल्या. "बसलेले असते तर हवा आत गेली असती. मग मी धावत येऊनही काही उपयोग नव्हता."

 एलिएसेर कामार्गोंचा चेहरा चुन्यासारखा झाला होता.

आता मात्र डॉक्टर आले. आरिएता नावाचे, हिरव्या कपड्यांतले, मास्क हनुवटीखाली लोंबणारे. ऑपरेशनमधून अर्ध्यावर आले होते आणि आल्या आल्या चिडलेलेच होते. "ही नळी घेऊन ह्यांना खाली पाठवलं कुणी?"

"वरच्यांनी," नुबिया म्हणाल्या.

"आणि घेतलं कुणी?"

"मी घेतलं. लिफ्टमध्ये ठेवायचं होतं का?"

"बास करा!" ओडालिस म्हणाली. "भांडायचंय तर नंतर भांडा. मीपण येते. आधी ते काढा."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं, उशीकडे पाहिलं, आणि हातमोजे चढवले. टाका कापला. "आजोबा, मी सांगितलं की श्वास सोडत गुणगुणायचं. मोठ्याने. थांबायचं नाही, नाहीतर हवा आत ओढली जाईल."

"काय गुणगुणू?"

"काहीही. तोंड मिटून. हं, आता."

एलिएसेर गुणगुणू लागले. घोगरा, सुरात नसलेला आवाज, कुठल्यातरी जुन्या नाचाचा. नळी बाहेर आली, आणि ओडालिसला वाटलं होतं त्याहून ती कितीतरी लांब होती. नुबियांनी ताबडतोब जाड कापसाची घडी दाबली. गुणगुणणं थांबलं. सगळं मिळून एखादं बटण लावायला लागतो तेवढाच वेळ. एवढ्यासाठी. सकाळपासून, एवढ्यासाठी. ऑपरेशनला बोलावणं आलं आणि डॉक्टर आले तसे निघून गेले. आणि त्याच वेळी खोलीच्या पलीकडच्या टोकाला न्हाणीघरापाशी धप्प आवाज झाला, कुणीतरी किंचाळलं.

नुबियांनी एकदा तिकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे. "हात धुतलेत? हा मोजा घाला. या इकडे." त्यांनी ओडालिसची दोन बोटं धरून कापसावर ठेवली आणि वरून दाबून दाखवलं. "इथे. एवढ्याच जोराने. उचलून बघायचं नाही. त्यांना मान हलवू द्यायची नाही, बोलू द्यायचं नाही. मी येईपर्यंत." आणि त्या पळाल्या.

ती वाकून उभी राहिली. बोटांखाली बापाची मान होती. सुरकुतलेली, दाढीची खुंटं उगवलेली, ऊन. आणि तिथेच बाजूला काहीतरी ठोके देत होतं. इतक्या जवळून तिने हा चेहरा कधी पाहिला होता ते तिला आठवेना. अजून थोडं जोरात दाबलं तर? हा विचार आला आणि तिला त्याची भीती वाटली नाही. तो फक्त आला, तिथे उभा राहिला. बापाचे डोळे तिच्यावर होते. हलता येत नव्हतं, हसता येत नव्हतं, उठून दारातून जाता येत नव्हतं. उगाच गोष्ट सांगता येत नव्हती. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

"बोट रुतली नव्हती," ती म्हणाली.

ठोका बोटांखाली एकदम वाढला.

"माझ्या पंधराव्या वाढदिवसाला. बोट वाळूत रुतली नव्हती. तू मागांगेला होतास. बकरं कापलं होतं तुम्ही सगळ्यांनी तिथे." तुम्हीचं तू कधी झालं ते तिला कळलं नाही. वर्षानुवर्षं तिने ह्या प्रसंगासाठी वाक्यं घासूनपुसून ठेवली होती. आईचं दुखणं, आईचं मरण, सगळं ओळीने. त्यातलं एकही आलं नाही. "आईला वाकता येत नव्हतं," ती म्हणाली. "तिला खाली बसताना खुर्ची धरावी लागली. सगळ्यांनी पाहिलं. एका बुटाचा पट्टा तिच्याच्याने लागेना, मी तशीच नाचले, सुटलेल्या पट्ट्याने, पाय घासत. सगळा नाच मी बुटाकडे बघत होते. तू माझ्याकडे कधी बघितलंस का? एकदा तरी? माझ्याकडे येतोस, खातोस, झोपतोस, लोकांना सांगतोस माझी पोरगी दात बनवते. माझ्या घरी रक्त ओकतोस आणि म्हणतोस मासा ताजा नव्हता! ताजा होता मासा! मी पहाटे बाजारात जाऊन आणला होता तो!"

तिचा आवाज चढला होता. शेजारचा माणूस छताकडे बघत होता. बापाचे ओठ हलले.

"ओडा..."

"बोलू नका."

"तुला कधी कळलं?"

"बोलायचं नाही म्हटलं ना! रक्त येईल!"

त्यांनी ओठ मिटले. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी ओघळून कानाकडे गेलं, तिच्या बोटांपर्यंत आलं. मोजा होता म्हणून तिला ते लागलं नाही. म्हातारपणाचं पाणी असेल. ह्या माणसाचे डोळे तसेही गळायचे. तिला दया आली नाही. येईल म्हणून तिने वाट पाहिली, तरी आली नाही. पण तिची बोटं तशीच राहिली, सिस्टरने दाखवलेल्या जोराने, कमी नाही, जास्त नाही. वाकून वाकून कंबर भरून आली, खांदा बधिर झाला, तरी तिने हात बदलला नाही.

नुबिया आल्या तेव्हा त्यांच्या बाहीवर दुसऱ्या कुणाचं तरी रक्त होतं. त्यांनी तिची बोटं बाजूला करून कापूस अलगद उचलला. खाली एक लहानसं काळपट भोक, कोरडं. त्यावर त्यांनी हवा न शिरणारी पट्टी घट्ट चिकटवली. "छान धरलंत," त्या म्हणाल्या. "आता बोलले तरी चालेल. पण उठायचं नाही अजून. मी सांगेपर्यंत पाठीवरच." आणि पुढच्या पलंगाकडे गेल्या.

ओडालिसने मोजा काढला. बोटांना मोज्याच्या सुरकुत्यांचे वळ उठले होते. आता हे काय म्हणतील ते तिला पाठ होतं: भूक लागलीय, सुसरीची गोष्ट अर्धी राहिली, पाणी दे पोरी. तिने स्टुलावरची पर्स उचलली. निदान जिन्यात जाऊन उभं राहायचं, वाऱ्यात, कुणाचीही मान हाताखाली नसताना.

"उजवा की डावा?" तिच्या पाठीमागे बाप म्हणाला.

ती वळली. ते छताकडेच बघत होते. आवाजात हसू नव्हतं. हसू नसलेला तो आवाज कुणा परक्याचा वाटत होता.

"काय उजवा की डावा?"

"बूट. पट्टा न लागलेला."

 राग होता तिथेच होता, एक कणही कमी झाला नव्हता. उलट आता त्याला ऐकणारा मिळाला होता आणि म्हणून तो अजूनच तापत चालला होता. तिने पर्स खाली ठेवली. स्टूल पायाने ओढून पलंगाशी घेतलं.

"डावा," ती म्हणाली. "आणि अजून संपलेलं नाही. मध्ये बोलायचं नाही."

एलिएसेर कामार्गोंनी हात चादरीखाली घेतले आणि ते पाठीवर सरळ पडून राहिले.